मॉकच्या तिसऱ्या तासात डोकं कुठे जातं?

माझ्याकडे एका जुन्या मॉकची, म्हणजे सराव परीक्षेची, रफ शीट अजून आहे, तिच्यावर एकच गणित तीनदा सोडवलेलं आहे. तिन्ही वेळा तीच स्टेप, तिन्ही वेळा उत्तर १८, आणि ऑप्शनमध्ये १८ नाहीच. सात मिनिटं गेली त्याच्यात. नंतर शांतपणे बघतो तर प्रश्नात 'वगळून' असा एक शब्द होता जो मी तिन्ही वेळा वाचलाच नव्हता. बरं तो एक प्रश्न गेला तर गेला, पण खरी गंमत पुढे आहे, त्याच्या पुढचे पाच प्रश्न मी असे चुकलोय जे मला झोपेतून उठवून विचारले असते तरी आले असते.

तेव्हा मी स्वतःची समजूत काय घातली, तर स्टॅमिना कमी पडतोय, अजून मॉक द्यायला पाहिजेत. मग दिले की, आठवड्याला तीन तीन दिले. स्कोअर ढिम्म हलला नाही, उलट एकदा खाली गेला आणि मी दोन दिवस तोंड पाडून बसलो.

नंतर जे उशिरा लक्षात आलं ते सांगतो. मोठ्या पेपरात मार्क 'थकल्यामुळे' जातात असं आपण सरसकट म्हणून टाकतो, पण ते सगळीकडून थोडे थोडे गळत नाहीत, दोन-चार ठरावीक जागी जातात, आणि त्या जागा टोटल मार्कात दिसत नाहीत. त्यासाठी पेपर उकलून बघावा लागतो आणि ते काम कंटाळवाणं असल्यामुळे बहुतेक जण करत नाहीत.

आधी 'लांब पेपर' म्हणजे किती लांब ते बघू, कारण सगळे लांब पेपर सारखे नसतात. मेडिकल प्रवेशाच्या नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनमध्येही तीनच तास पण प्रश्न ७५, म्हणजे एकेकाला जवळपास अडीच मिनिटं. यूपीएससी प्रिलिमला दोन तासांचे दोन पेपर एकाच दिवशी. अमेरिकेतली मेडिकलची एमकॅट बघितली तर २३० प्रश्न आणि ब्रेक धरून साधारण साडेसात तास त्या सेंटरमध्ये. दुसरीकडे काही परीक्षा लहान होत चालल्यात, परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यायची जीआरई आधी पावणेचार तासांच्या आसपास होती ती सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत आली, अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची सॅट डिजिटल झाल्यावर २ तास १४ मिनिटांची झाली. आता नीटवाल्याला लागणारं लक्ष वेगळं, त्याला १८० वेळा गिअर बदलायचाय. एमकॅटवाल्याला भलेमोठे उतारे वाचून तेच तेच डोक्यात धरून ठेवायचंय. त्यामुळे 'फोकस वाढवा' असा एकच काढा सगळ्यांना पाजून उपयोग नाही.

लक्ष कसं ढळतं यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग परीक्षेवरचा नाहीये, युद्धातला आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेले लोक तासन्‌तास स्क्रीनकडे बघायचे आणि काही वेळाने समोर दिसणारे ठिपकेही त्यांच्या नजरेतून सुटायला लागायचे. केंब्रिजमधल्या नॉर्मन मॅकवर्थने याच्यासाठी एक साधं घड्याळासारखं यंत्र केलं, आकडे नसलेली कोरी तबकडी आणि एक काटा, काटा सेकंदाला एक उडी मारणार, पण अधूनमधून एखाद वेळी दुप्पट उडी मारणार. दुप्पट उडी दिसली की बटण दाबायचं. बस, दोन तास हेच. १९४८ साली त्याने निष्कर्ष छापले, पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची नजर घसरायला लागते. दोन तासांनी नाही हां, अर्ध्या तासात!

हे वाचून लगेच 'बघा, माणसाचं लक्ष अर्धाच तास टिकतं' असं म्हणणारे खूप भेटतील, पण ते चुकीचं आहे. मॅकवर्थचं काम कशाचं होतं ते बघा. एकसुरी, आणि ज्याची वाट बघायची ती गोष्ट क्वचित येणारी. पेपर तसा नसतो, दर मिनिटाला नवीन प्रश्न येतो, डोक्याला खाद्य मिळत राहतं. पण पेपरातही काही कामं अगदी त्या काट्याकडे बघण्यासारखीच असतात. प्रश्नात 'नाही', 'वगळून', 'चुकीचे विधान ओळखा' आहे का ते बघणं. युनिट सेंटीमीटर आहे की मीटर ते बघणं. ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, ६३ चा गोल ६३ लाच रंगवतोय ना ते बघणं. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तिथे काही गडबड नसते, म्हणून डोकं तिथली चौकीदारी हळूच सोडून देतं. ज्ञान जागच्या जागी असतं, तिसऱ्या तासातही तुम्हाला फॉर्म्युला आठवतो. झोप लागलेली असते फक्त चौकीदाराला. म्हणून मग घरी येऊन आपण कपाळावर हात मारतो की अरे हे तर येत होतं!

याच्यावर माझा उपाय अगदी बावळट वाटेल असा आहे. पेन्सिल हातात ठेवायची आणि प्रश्नातल्या विचारणाऱ्या शब्दाखाली रेघ मारायची, प्रत्येक प्रश्नात, पहिल्या प्रश्नापासून. कॉम्प्युटरवर पेपर असेल तर रफ शीटवर एक अक्षर लिहायचं, नकारार्थी प्रश्न असेल तर 'न', दुसरं काही नाही. लक्ष ठेवायचं काम हाताला दिलं की ते डोक्यावर अवलंबून राहत नाही. पण हे तिसऱ्या तासात सुरू करायचं म्हटलं तर होत नाही, ते पहिल्या मिनिटापासून सवयीने व्हायला लागतं, म्हणून मॉक.

आता थकव्याबद्दल. इथे मला स्वतःला धक्का बसला होता. ॲकरमन आणि कॅनफर या दोघांनी २००९ मध्ये एक अभ्यास छापला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सॅटसारखे पेपर दिले, साडेतीन तासांचा, साडेचार तासांचा आणि साडेपाच तासांचा. पेपर जितका लांब तितकी मुलं जास्त थकल्याचं सांगत होती, हे अपेक्षितच. पण मार्क? लांब पेपरात सरासरी कामगिरी घसरली नाही, उलट थोडी चांगलीच झाली. म्हणजे 'मी थकलोय असं वाटणं' आणि 'माझं काम बिघडणं' या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

तसंच ते इच्छाशक्तीच्या टाकीचं. मन एकाग्र करायची ताकद टाकीतल्या पेट्रोलसारखी असते, वापरली की संपते, ही कल्पना १९९८ मधल्या प्रयोगांपासून फार गाजली, कुठल्याही मोटिव्हेशनवाल्याला विचारा तो हेच सांगेल. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर तोच परिणाम पुन्हा मिळतो का ते तपासलं तर परिणाम जवळपास शून्य आला. वाद अजून मिटलेला नाही, पण 'आता माझी टाकी रिकामी झाली' हे वाक्य पेपरात स्वतःला ऐकवताना एवढं लक्षात असू द्या की ती टाकी आहे की नाही हेच नक्की नाही.

याचा अर्थ थकवा खोटा असतो असं नाही. तो आल्यावर आपण काय करतो त्यावर बरंच अवलंबून असतं. थकल्यासारखं वाटलं की आपण घाबरून पद्धत बदलतो, भराभर वाचतो, तुक्के वाढवतो किंवा एकदम घट्ट होऊन काही अटेम्प्टच करत नाही. मार्क तिथे जातात. मी मॉक द्यायच्या आधीच धरून चालतो की साधारण दोन तासांनी मला वाईट वाटायला लागणार, मान दुखणार, 'काय करतोय मी हे' असं होणार, आणि तसं झालं की म्हणायचं, आली का बाई, बस तिकडे कोपऱ्यात. मग रेघ मारायची आणि पुढचा प्रश्न.

ब्रेक मिळत असेल तर मात्र तो फुकट घालवू नका. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय चाचण्यांचा मोठा डेटा २०१६ मध्ये तपासला गेला, सुमारे वीस लाख चाचण्या, त्यात दिसलं की दिवसात जसजसा एकेक तास उशिरा पेपर तसतसा स्कोअर थोडा खाली, आणि २० ते ३० मिनिटांचा ब्रेक झाल्यावर थोडा वर. परिणाम छोटा होता, स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (मुलामुलांच्या मार्कांत एरवी जेवढा फरक असतो त्याचं माप) एक-दोन टक्क्यांतला, म्हणजे ब्रेक घेतला म्हणून नापास पास होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. ब्रेकमध्ये झालेल्या सेक्शनची उत्तरं आठवत आणि मित्राशी ताडून बघत बसलात तर तो ब्रेक नव्हेच, सेक्शन संपला तरी तुम्ही त्यातच आहात. उठा, चाला, लांब कुठेतरी बघा, पाणी प्या, बाथरूमला जाऊन या.

आता सगळ्यात महागाची जागा, अडकलेला प्रश्न. ते १८ उत्तराचं गणित आठवतंय ना? त्याच्या पुढचे पाच का गेले? सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये याला एक नाव दिलं, मराठीत म्हणायचं तर लक्षाचा गाळ. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलात की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच चिकटून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. तिचे प्रयोग ऑफिसच्या कामासारख्या कामांवरचे होते, पण ज्याने कधी मॉक दिलाय त्याला हे सांगायलाच नको. समोर प्रश्न ४९ आहे आणि डोक्यात ४३ चालू आहे. डोळे वाचतायत, ओळ संपते, काहीच आत गेलेलं नसतं, परत वाचतो, परत तेच.

सगळे सल्ला देतात की 'अडकलात तर सोडून पुढे जा.' अहो सोडायचं कळतं हो, सुटत नाही! नुसतं रिव्ह्यूला मार्क करून पुढे गेलं तर गाळ तसाच राहतो. लेरॉयनेच पुढे २०१८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर दाखवलं की काम मध्येच सोडताना 'मी कुठे होतो आणि परत आल्यावर काय करणार' हे पटकन लिहून ठेवलं तर पुढच्या कामावर लक्ष चांगलं लागतं. डोक्याला बहुतेक एवढंच हवं असतं की हे कुठेतरी नोंदलं गेलंय, आता मला धरून ठेवायला नको.

पेपरात हे कसं करायचं ते दाखवतो. समजा प्रश्न ४३, दोन नळ आणि एक गळती, टाकी किती वेळात भरेल. नव्वद सेकंद झाली, समीकरण जुळत नाहीये. रफ शीटवर लिहायचं, '४३ – दोन नळ झाले, गळती वजा करायची की नाही बघ'. भोवती गोल. एवढंच, पाच-सात सेकंदांचं काम. मग पुढच्या प्रश्नाचा पहिला शब्द ओठ हलवून वाचायचा, मनातल्या मनात नाही, ओठ हलवून, आवाज न काढता. हे दुसरं माझं स्वतःचं खूळ आहे, त्याला कुठला अभ्यास वगैरे नाही. आणि नव्वद सेकंद हा आकडाही माझा, तुमच्या पेपरात प्रश्नाला सरासरी जेवढा वेळ येतो त्याच्या दीडपट धरा, पण तो आकडा मॉकच्या आधी ठरलेला पाहिजे. पेपर चालू असताना 'अजून थोडं बघू' म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, तो माणूस तुम्हीच असलात तरी.

आधी ठरवून ठेवायची दुसरी गोष्ट म्हणजे तुक्का. इथे सातत्य सगळ्यात जास्त बिघडतं, कारण पहिल्या तासात आपण सावकार असतो आणि तिसऱ्या तासात जुगारी. गणित सोपं आहे. चार ऑप्शन, आणि बरोबरला जेवढे मार्क त्याच्या एक तृतीयांश चुकीला वजा, जसं यूपीएससी प्रिलिमला, तर डोळे मिटून मारलेला तुक्का सरासरीने शून्य देतो, ना फायदा ना तोटा. नीटसारखं बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ असेल तर तोच आंधळा तुक्का सरासरीने पाव मार्क देतो. आणि एक ऑप्शन नक्की चूक आहे एवढं जरी कळलं तरी नीटच्या हिशोबात सरासरी ०.६७ होते आणि यूपीएससीच्या हिशोबातही ती शून्याच्या वर जाते. मग नियम ठरवा, एक उडवता आला तर मारायचा, किंवा दोन उडवले तरच मारायचा, जो पटेल तो. पण प्रश्न ५ ला जो नियम तोच प्रश्न १५० ला. मॉकनंतर मोजा की शेवटच्या अर्ध्या तासात तुम्ही किती वेळा नियम मोडलात. माझा आकडा पहिल्यांदा मोजला तेव्हा अकरा होता, लाज वाटली.

ह्याच रांगेतली तिसरी गोष्ट, उत्तर बदलायचं की नाही. 'पहिलं मनात आलेलं उत्तरच बरोबर असतं, बदलू नकोस' हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. २००५ मध्ये क्रूगर आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या १,५६१ विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या शीटवरच्या खोडलेल्या खुणा मोजल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबरवर गेलेली, २५ टक्के बरोबरवरून चुकीवर, बाकीची चुकीवरून दुसऱ्या चुकीवर. म्हणजे बदलल्याने फायदा तोट्याच्या दुप्पट. मग आपल्याला उलटं का वाटतं, तर बरोबर असलेलं उत्तर स्वतःच्या हाताने खोडून घालवलं की ते वर्षभर सलतं, आणि चुकीचं दुरुस्त केलेलं दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. तरीपण माझी एक अट आहे, बदलायला कारण पाहिजे, म्हणजे एखादा शब्द आधी वाचला नव्हता किंवा आकडेमोडीत चूक सापडली. नुसतं पोटात गोळा आला म्हणून बदलायचं नाही.

आता येतो स्कोअरच्या वरखालीवर, ज्याच्यामुळे लोकांची झोप उडते. मागच्या मॉकला ६२, ह्या मॉकला ५५, झालं, घरात सुतक. जरा हिशोब करू. समजा तुमची तयारी अशी आहे की शंभर प्रश्नांतले सरासरी ६० तुमचे बरोबर येतात, आणि ही तयारी काल आज उद्या अजिबात बदलत नाहीये. तरीही प्रत्येक पेपरात वेगळे शंभर प्रश्न पडतात, कधी तुमच्या आवडीचे जास्त, कधी नावडीचे. नाणं शंभरदा उडवलं तर दरवेळी बरोब्बर पन्नास छापे पडत नाहीत, तसंच हे. आकडेशास्त्राच्या साध्या हिशोबाने ही वरखाली साधारण पाच मार्कांची येते, म्हणजे तीनातल्या दोन मॉकमध्ये तुम्ही ५५ ते ६५ च्या मध्ये कुठेतरी असाल आणि वीसातल्या एकोणीस वेळा ५० ते ७० च्या मध्ये. यात पेपर सोपा-अवघड असण्याचा फरक अजून धरलेलाच नाही. मग ६२ चे ५५ झाले यात काय कळलं? काहीच नाही कळलं! तसंच ५५ चे ६४ झाले म्हणून नाचण्यासारखंही काही घडलेलं नाही, हे ऐकायला कुणाला आवडत नाही ते सोडा.

चार मॉकची सरासरी घेतली की ही वरखाली निम्म्यावर येते, पाचाची अडीच. म्हणून मी एकट्या मॉकचा स्कोअर कुठे लिहूनच ठेवत नाही, चार-चारचे गठ्ठे करतो. सातत्य म्हणजे दरवेळी सारखे मार्क असं धरलंत तर आयुष्यभर चिडचिड होईल, कारण सारखे मार्क येणारच नाहीत. सातत्य तुमच्या वागण्यात बघा. नव्वद सेकंदांचा नियम किती वेळा पाळला, तुक्क्याचा नियम किती वेळा मोडला, 'येत होतं पण चुकलं' असे किती. हे आकडे मात्र खरंच हळूहळू हलतात, आणि हलताना दिसतात.

पेपर उकलायचा म्हणजे काय तेही सांगतो. मॉक देताना दर अर्ध्या तासाने रफ शीटच्या कडेला फक्त प्रश्नाचा नंबर टिपून ठेवायचा, ३० मिनिटं – २६, ६० मिनिटं – ५५ असं. पेपर झाल्यावर प्रत्येक तुकड्यातल्या चुका मोजायच्या आणि प्रत्येक चुकीपुढे एक शब्द लिहायचा, 'माहीत नव्हतं', 'वाचलं नाही', 'आकडेमोड', 'घाई', 'गाळ'. गाळ म्हणजे आधीच्या अडकलेल्या प्रश्नाच्या लगेच पुढचा. माझ्या पहिल्या तीन मॉकचं असं केलं तेव्हा मला वाटत होतं शेवटच्या तुकड्यात ढीग दिसेल. ढीग होता पण तो दुसऱ्या तुकड्यात, जिथे मला सगळं मस्त चाललंय असं वाटत असतं आणि मी सुसाट सुटलेला असतो. शेवटच्या तुकड्यात 'माहीत नव्हतं'च जास्त होते, कारण अवघड म्हणून मागे ठेवलेले प्रश्न शेवटीच येणार ना! मी वर्षभर ज्याला स्टॅमिना म्हणत होतो तो आजार माझा नव्हताच. तुमचा वेगळा असेल, बघितल्याशिवाय कळणार नाही.

हे विश्लेषण मॉक झाल्या झाल्या करू नका, डोकं बधिर असतं आणि राग आलेला असतो. दुसऱ्या दिवशी करा, आणि सोल्यूशन उघडायच्या आधी चुकलेले प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवा. आठवून काढायला डोक्याला कष्ट पडले की ते जास्त टिकतं, २००६ मधल्या रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात हे छान दिसलं होतं, एक उतारा परत वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने बघितलं तर वाचून झाल्यावर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि नुसतं परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के. सोल्यूशनचा व्हिडिओ बघून 'हां हां कळलं' म्हणणं हे परत वाचण्यासारखंच आहे. आणि याला वेळ लागतो, तीन तासांच्या पेपराला तेवढाच किंवा जास्त, त्यामुळे आठवड्याला तीन फुल मॉक हे गणित बसतच नाही. एक द्या, तो नीट उकला, मधल्या दिवसांत एकेक सेक्शन टायमर लावून सोडवा.

शरीराचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. मॉक खऱ्या पेपराच्याच वेळी द्या, रात्री अकराला दिलेला मॉक सकाळच्या पेपराबद्दल फार काही सांगत नाही. कॅफिनचा निम्मा भाग रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात, संध्याकाळी सहाला घेतलेलं अकराला निम्मं तुमच्या आत असतं, मग झोप लागत नाही म्हणून परीक्षेला दोष देऊ नका. पेपराच्या दिवशी कुठलीही नवीन गोष्ट पहिल्यांदा करून बघू नका, जे मॉकला केलं तेच. आणि टायमर पॉज करणं बंद. दार वाजलं, फोन आला, पाणी सांडलं, काही होऊ दे, टायमर चालू राहिला पाहिजे. पॉज केलेला मॉक हा मॉक नसतो, तो गृहपाठ असतो, त्याचे मार्क वेगळ्या वहीत लिहा नाहीतर लिहूच नका. खऱ्या हॉलमध्येही कुणाची खुर्ची कुरकुरते, कुणी सारखा नाक ओढतो, तेव्हा पॉजचं बटण नसतं.

माझ्या हल्लीच्या रफ शीटवर सात-आठ गोल असतात, प्रत्येक गोलात एक नंबर आणि तीन-चार शब्द. शेवटच्या पंचवीस मिनिटांत मी त्यांच्याकडे परत येतो. निम्मे तर मिनिटभरात सुटतात, मघाशी काय दिसत नव्हतं तेच कळत नाही. उरलेल्यांना परत नव्वद सेकंद देतो, त्यातला एखादा सुटतो, बाकीचे नाहीत, आणि घंटा होते तेव्हा ते गोल तसेच असतात.